पुसू नये

"येत्या सोमवारी हा फळा काढणार आहेत, डॉक्टर," एल्बियो दारातूनच म्हणाला. "नवा पांढरा लावतील. ते कोपऱ्यातलं तुमचं जे काय आहे ते उतरवून घ्या. मागाहून माझ्या नावाने ओरडू नका." आमादेओने मान हलवली आणि हातातलं संत्रं सोलत राहिला. एल्बियो अजून थोडा वेळ थांबला. खात्यातला हा जुना शिपाई, बोलायला मिळालं तर सोडायचा नाही. पण मार्चपासून तो आमादेओशी बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायला शिकला होता. "वारा काय सुटलाय बाहेर," एवढं म्हणून तो गेला. आमादेओने संत्र्याची फोड तोंडात टाकली. गोड असावी. चर्चावर्गाच्या या खोलीत तो रोज सकाळी येऊन बसायचा. त्याला स्वतःची खोली होती, तिला खिडकीही होती, तरी तो इथे, तिसऱ्या रांगेत, फळ्याकडे तोंड करून बसायचा. कोणी विचारलं नव्हतं का म्हणून. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हातभर रुंदीचा एक चौकोन होता, भोवती खडूची जाड रेघ, आणि रेघेवर तिरकं लिहिलेलं: पुसू नये. गणिताच्या खात्यात ही रीत जुनीच. ज्याचं काम अर्धं राहिलं त्याने चौकोन आखायचा. मग कोणी कितीही मोठा येवो, त्याने रेघेच्या आत फडकं न्यायचं नाही. एरवी असा चौकोन आठवडाभर टिकतो, मग आखणाऱ्यालाच त्याची लाज वाटते आणि तो पुसून टाकतो. हा फेब्रुवारीपासून होता. अक्षर नेलिदाचं होतं, त्याच्या बायकोचं. नेलिदा मार्चमध्ये गेली. एल्बियो रोज संध्याकाळी सगळा फळा ओल्या फडक्याने पुसायचा, आणि झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाभोवती केर काढावा तसं चौकोनाच्या कडेकडेने फडकं फिरवायचा.

उतरवून घ्यायचं म्हणून आमादेओने एक कागद ओढला. इतके महिने तो त्या अक्षरांकडे बघत होता, पण वाचत नव्हता, हे त्याला पेन्सिल टेकवल्यावर कळलं. बघताना त्याला दिसायचा तो तिचा मोडका सात, डावीकडे कलणाऱ्या उभ्या रेघा, एका जागी खडू तुटल्यावर उमटलेला ठिपका. उतरवायचं तर वाचावं लागतं. पहिली ओळ त्याने उतरवली, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीच्या मध्यावर पेन्सिल थांबली. हे होत नाही, त्याच्या मनात आलं. इथून तिथे जाता येत नाही. आणि पोटात काहीतरी हललं, थोडंसं, भूक लागल्यासारखं. मार्चपासून असं काही हललं नव्हतं. दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. तेव्हा तो खड्डा खणणाऱ्याच्या बुटाची सुटलेली नाडी बघत होता आणि हा आता अडखळेल असा विचार करत होता. आता मात्र हललं, आणि तो चक्क आनंद होता, चूक सापडल्याचा जुना, थोडा दुष्ट आनंद. तो डावीकडे वळून म्हणाला, "नेलि, भांडी तुझ्याकडे." डावीकडची खुर्ची रिकामी होती. खिडकीच्या तावदानावर धूळ वाळूसारखी आपटत होती.

त्यांच्या घरात हा नियम होता. कोणी केला, केव्हा केला, ते आता सांगता येणार नाही. दोघेही एकाच विषयातले: हिल्बर्ट अवकाश, त्यातली वैश्लेषिक फलनं, त्यांच्यावर चालून एकाचं दुसरं करणारे ऑपरेटर. लोक जेवणावर घरच्या गोष्टी बोलतात, हे दोघे फलनांबद्दल बोलत. कागद टेबलावर, सॉसचे डाग त्यावर. आणि एकाच्या कामात दुसऱ्याला चूक सापडली की ज्याची चूक त्याने त्या दिवसाची भांडी घासायची. रविवारी रावियोली असली की मोठं पातेलं असायचं, म्हणून रविवारी दोघेही जपून बोलत. नेलिदाचा बाप वाइट नावाच्या बंदरावर धान्याच्या कोठारात मुकादम होता. हिशोबात चुकलेल्या गड्याला तो आख्खा धक्का झाडायला लावायचा. नियमाचं मूळ तिथे असेल. नेलिदा क्वचित चुकायची. आमादेओ पुष्कळदा. "फ्लाको," ती म्हणायची. फ्लाको म्हणजे हडकुळ्या. तो आता हडकुळा राहिला नव्हता, पण नाव चिकटलं होतं. "फ्लाको, तुझं प्रमेय छान आहे रे, खरं असतं तर आणखी छान झालं असतं. साबण संपलाय, नवा काढ." तो घासत असताना ती मागे उभी राहून पुसायची, पुसायचं नसताना पुसायची, आणि अजून कुठेकुठे बिघडलंय ते सांगत राहायची.

त्याने चौथी ओळ पुन्हा पाहिली. चूक साधी होती. या अवकाशांमध्ये प्रत्येक बिंदूचं स्वतःचं एक फलन असतं. कुठल्याही फलनाची त्या बिंदूपाशी किंमत किती, हे हवं असेल तर त्या बिंदूच्या फलनाशी त्याला जोडून बघायचं, उत्तर मिळतं. बिंदू वर्तुळाच्या आत असतात, आणि जे काही बिनसतं ते सगळं कडेला. आता एखाद्या फलनातून तयार होणारा ऑपरेटर घ्या. एवढ्या अफाट अवकाशाला आवळून जवळजवळ मुठीत आणणारा ऑपरेटर असतो, नेलिदा वर्गात त्याला 'आवळणारा' म्हणायची आणि मूठ करून दाखवायची. तो आवळणारा आहे की नाही हे ओळखायचं कसं? चौकोनातला लेमा, म्हणजे पुढच्या प्रमेयासाठीची पायरी, म्हणत होता: कडेजवळचे बिंदू घ्या, त्यांची फलनं सगळी सारख्या वजनाची करा, आणि ऑपरेटर उलट बाजूने त्यांच्यावर चालवा. बिंदू कडेकडे सरकतील तशी फलनं विरत विरत शून्य झाली, तर ऑपरेटर आवळणारा. नेलिदा आयुष्यभर ज्या अवकाशात राबली, बर्गमनच्या, तिथे हे अगदी खरं आहे. फेब्रुवारीत ती शेजारच्या अवकाशात गेली, हार्डीच्या. तिथे ते खरं नाही. बिंदू बिंदू तपासून तिथे सगळ्याचं कळत नाही. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. शिकवताना ती हेच बजावून सांगायची. पण हाताला सवय असते. त्यांनी जुनं घर विकून चौथ्या मजल्यावरची ही जागा घेतली, नेलिदाला अंगण झाडणं होईना म्हणून, तेव्हा वर्ष उलटून गेलं तरी अंधारात ती दाराच्या डावीकडे हात घालायची. बटण उजवीकडे होतं. भिंत चाचपताना तिचा हात त्याने कितीदा ऐकला होता. हातासारखाच आवाज त्याचा, सुका. चौथ्या ओळीत तिने तसाच डावीकडे हात घातला होता.

कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. मग त्याला रोमिना आठवली, आणि पोटातलं ते हललेलं पुन्हा बसून गेलं. रोमिना श्वाब ही नेलिदाची शेवटची विद्यार्थिनी. पिगुएच्या बाजूच्या एका शेतकरी गावातली, तीस ओलांडलेली, एका मुलीची आई. दिवसा शाळेत शिकवून तिने प्रबंध पुरा केला होता. नेलिदा गेल्यावर तिचं मार्गदर्शन कागदोपत्री आमादेओकडे आलं. तिसरं प्रकरण या लेम्यावर उभं राहणार, हे त्याने नेलिदाच्याच तोंडून ऐकलं होतं. दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, ती दुसरं काही बोलायचीच नाही. प्रबंध छापून आमादेओच्या टेबलावर येऊन बरेच दिवस झाले होते. त्याने तो उघडला नव्हता. सही मात्र केली होती. रोमिना जिन्यात भेटली की विचारायची, "वाचलास का रे?" तो म्हणायचा, "वाचतोय." शुक्रवारी प्रबंध दाखल व्हायचा होता. मग परीक्षक वाचणार, त्यातले दोन तरी असे की एका वाचनात चौथ्या ओळीवर बोट ठेवतील. त्याने सांगितलं तर रोमिनाचं वर्ष गेलं, नोकरीचा अर्ज गेला, आणि नेलिदाने शेवटचं जे लिहिलं ते चुकीचं होतं हे सगळ्यांना कळणार. चुकीचा चौकोन कोणी ठेवत नाही. त्याने नाही सांगितलं तर तेच सगळं होणार, फक्त परक्या माणसांसमोर, आणि रोमिना उभी असताना. दोन्ही गोष्टी त्याने शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. कुठली जड वाटते याची वाट पाहिली. कुठलीच वाटली नाही. सध्या सगळं असंच होतं. लोक म्हणत, आमादेओ सावरला हो चांगला. वर्ग घेतो, दाढी करतो, परवा तर अबुदच्या विनोदावर हसला. तो हसला होता हे खरं. हसायची जागा कुठे आहे ते त्याला कळत होतं.

संध्याकाळी घरी त्याने ऑम्लेट केलं, खाल्लं, ताटली मोरीत ठेवून दिली आणि खिडकीशी जाऊन बसला. रस्त्यावरच्या झाडांचा कापूस वाऱ्याबरोबर उडत होता. ऑक्टोबर लागल्यापासून त्याचे डोळे यानेच लाल होत होते, आणि तेवढ्यावरून लोक त्याचा हात हातात घेत होते. सकाळी कॉफीचा कप त्याने ताटलीवर ठेवला. दुपारी आणखी एक ताटली, तवा, काटा. मंगळवारी संध्याकाळी पाणी प्यायला गेला तेव्हा मोरी भरलेली दिसली. मार्चपासून तो एकच ताटली वापरत होता, खाल्ल्या खाल्ल्या धुऊन ठेवत होता. घर कसं लख्ख ठेवलंय, असं नेलिदाची बहीण येऊन सांगून गेली होती. मग हे कुणाचं? उभ्या उभ्या त्याला कळलं की कालपासून आपण भांडी ठेवून देतोय, कारण चूक तिची आहे. त्याने मुद्दाम असं ठरवलं नव्हतं. हाताने ठरवलं होतं. तो दिवा घालवायला वळला. त्यालाही आता बटण सापडायला वेळ लागला. भांडी त्याने तशीच राहू दिली. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी त्याच्या मनात होतं, आणि त्यावर तो फार विचार करू इच्छित नव्हता.

बुधवारी चर्चावर्ग. वर्षानुवर्षांची रीत अशी की कोणीतरी फळ्याशी उभं राहतं आणि येर्बाचा, त्या कडू पानांच्या काढ्याचा, पेला हातोहात फिरतो. एकजण थर्मासमधून गरम पाणी ओतत राहतो, तोच पेला, तीच नळी, एकामागून एक सगळे पितात. ज्याला पुरे झालं तो 'आभार' म्हणतो, मग त्याला वगळून पेला पुढे जातो. पूर्वी पाणी ओतायची नेलिदा. आता रोमिना. आमादेओ मार्चपासून पहिल्याच पेल्याला 'आभार' म्हणत आला होता. त्या दिवशी फळ्याशी अबुद उभा होता, जाडा, घामाघूम, आजोबा सिरियातून आलेले म्हणून साऱ्या खात्याचा 'तुर्को', म्हणजे तुर्क. तो आपल्याच एका असमतेत अडकला होता.

"तुर्को, ही असमता उलटी आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"उलटी नाही, माझ्यासारखी आडवी आहे," अबुद म्हणाला. "जरा थांबा की. पेला कुठे अडकलाय? रोमिना, मला वाळवून मारणार आहेस का?"

"आधी असमता सरळ कर, मग पाणी."

हसणं झालं. आमादेओ उभा राहिला. त्याच्या हातात पेला होता, 'आभार' म्हणायचं राहून गेलं होतं. "मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या चौकोनाबद्दल." सगळे एकदम खाली बघू लागले, जसं वर्गात गृहपाठ न केलेले बघतात. "चौथी ओळ," तो म्हणाला. "हार्डीच्या अवकाशात हे चालत नाही. बिंदूंच्या फलनांवर तपासून पुरत नाही. लेमा खोटा आहे. रोमिना, मला माफ कर, तुझं तिसरं प्रकरण..."

"माहीत आहे," रोमिना म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने थर्मास दोन्ही हातांनी धरला होता.

"केव्हापासून?"

"मे."

"मे," तो म्हणाला. "आणि अबुद?"

"मला हिनेच सांगितलं," अबुद खडू चोळत म्हणाला. "जूनमध्ये. मग... सगळ्यांनाच, फ्लाको. तुला म्हणून..."

"तिसरं प्रकरण उघडलं असतंस तर तुलाही कळलं असतं," रोमिना म्हणाली. तिचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "मी दुसऱ्या वाटेने गेले. वेगळी अट घातली, लांबलं थोडं. लेमा वापरलाच नाही. आभाराच्या पानावर तिचं नाव आहे, लेमा नाही. मी रोज विचारत होते, वाचलास का, वाचलास का. मला वाटायचं आज वाचेल आणि स्वतःच बोलेल."

"आणि हे?" त्याने चौकोनाकडे हात केला. "खोटं आहे हे माहीत असून तुम्ही इतके महिने फळ्यावर ठेवलंत? गणिताच्या खात्यात?"

मग रोमिनाच म्हणाली, "तू रोज त्याच्या समोर बसतोस, आमादेओ."

त्याला राग आला. तो आपल्याला आला आहे हे समजायला त्याला क्षणभर लागला. या माणसांना तो ओळखत होता. एका चिन्हावरून ते दुपार दुपार भांडत. पाहुण्याच्या भाषणात चूक दिसली तर तो पाणी प्यायच्या आत त्याला थांबवत. आणि यांनी खोटं वाक्य भिंतीवर राहू दिलं, त्याच्या भोवतीने बसले, चालले, दुसऱ्या कोपऱ्यात अक्षर बारीक करून लिहिलं. एल्बियोलाही कोणी सांगितलं नसेल. त्याला सांगावं लागलं नसेल. "नेलिदाने तुमचे सगळ्यांचे कान उपटले असते," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. "तिच्या नावाने चूक ठेवता? तिच्या?"

"हो, उपटले असते," अबुद म्हणाला. "माझे आधी."

आमादेओने पेल्यातलं पाणी संपवलं. कडू होतं, गरम होतं, जीभ भाजली. पेला त्याने रोमिनाकडे दिला, आणि 'आभार' म्हटलं नाही, म्हणून तिने सवयीने त्यात पुन्हा पाणी ओतून तो त्याच्याच पुढे धरला. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन ती थबकली. त्याने पेला घेतला. "उदाहरण आहे तुझ्याकडे?" त्याने विचारलं. "खोटं आहे एवढं म्हणून भागत नाही. खोटं पाडणारं उदाहरण."

"आहे."

"मग दाखव."

ती फळ्याशी गेली. अबुदची असमता अर्ध्या फळ्यावर पसरली होती. "माझं पुसू नका हं, घामाने लिहिलंय," तो म्हणाला, पण कोणी हसलं नाही. रोमिना खडू घेऊन उभी राहिली. जागा होती ती फक्त चौकोनात. ती वळली आणि आमादेओकडे बघू लागली. "पूस," तो म्हणाला. तिने मान हलवली, नाही. तेव्हा तो उठला, बादलीतलं एल्बियोचं फडकं घेतलं, पिळलं, आणि चौकोनावर फिरवलं. निघालं नाही. इतक्या महिन्यांचा खडू फळ्यात मुरला होता. पाणी फिरल्यावर अक्षरं उलट ठळक झाली, मोडका सात, ठिपका, तिरकं लिहिलेलं 'पुसू नये'. त्याने जोर लावला. गोल गोल घासलं, मग उभं, मग आडवं. खडूचा लगदा बोटांवरून मनगटात उतरला. मागे कोणीतरी नाक ओढलं. वारा, धूळ, कापूस, काहीही असेल. शेवटी ओला काळा चौकोन उरला, आणि तो वाळायला लागला तसं आतलं अक्षर पुसट राखाडी होऊन पुन्हा थोडं दिसायला लागलं. तेवढं राहणारच होतं. "लिही त्यावर," तो म्हणाला.

रोमिनाने लिहिलं. एक फलन, वर्तुळाच्या कडेला कडेवरच नेऊन ठेवणारं, केंद्राला केंद्राशी ठेवणारं, पण कडेवर कुठल्याच बिंदूपाशी सरळ न जाणारं. त्यातून होणारा ऑपरेटर. ती भराभर बोलत होती, नेलिदासारखीच डावा हात पाठीमागे धरून. कडेजवळच्या बिंदूंची फलनं घ्या, उलट बाजूने चालवा: शून्याकडे. कुठल्याही बिंदूपाशी जा, कुठल्याही वाटेने जा, हाताला काही लागत नाही. आणि आता तोच ऑपरेटर सगळ्या अवकाशावर बघा. तिने शेवटची ओळ लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या. तो काहीच आवळत नाही. प्रत्येक फलनाचं माप जेवढं होतं तेवढंच राहतं. काडीनेही कमी होत नाही.

आमादेओ ते वाचत राहिला. प्रत्येक ओळ वाचली. चुकीसाठी वाचली, जसं तो तिचं वाचायचा. "बरोबर आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "फार बरोबर आहे."

"डॉक्टर, चौकोन घालू का याला?" दारातून एल्बियोने विचारलं. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "म्हणजे सोमवारपर्यंत."

"नको," आमादेओ म्हणाला. "प्रबंधात आहे ते. आज घरी जाऊन वाचतो." रोमिनाने त्याच्याकडे पाहिलं. "वाचतो म्हणालो ना," तो म्हणाला. "सही मागे घेईन नाहीतर."

घरी आला तेव्हा ऊन अजून समोरच्या गच्चीवर होतं. प्रबंध टेबलावर ठेवला आणि तो मोरीपाशी गेला. ताटल्या, तवा, कप, काटा. अंडं वाळून ताटलीला चिकटलं होतं. त्याने बाह्या वर केल्या. हातांवर खडू तसाच होता. नखांच्या कडेला, बोटांच्या भेगांत. खडूने बोटं फाटतात, नेलिदा रात्री त्यांना चरबी लावायची, मार्चपासून त्याने ती लावली नव्हती, आणि फाटली आहेत हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने गरम पाणी सोडलं, साबण घेतला, हात बुडवले, आणि सगळ्या भेगा एकदम झोंबल्या. त्याने हात बाहेर ओढला नाही. झोंबणं मनगटापर्यंत आलं, कोपरापर्यंत आलं. पाणी वाहत होतं. डावीकडे, जिथे उभी राहून ती पुसायची, तिथे फडकं खुंटीवर होतं, कडक वाळलेलं.

"नेलि," तो म्हणाला, मोठ्याने, "पाळी तुझी होती."

आणि ताटली घासत, न थांबता, तो रडू लागला.